सप्तकाची दोन अंगे

संगीताच्या वर्गात नव्याने येऊन बसलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या आठवड्यात सात स्वर शिकविले जातात व वर्षअखेरीस दहा थाट. सात स्वर तो आनंदाने म्हणतो. दहा थाट मात्र तो पाढ्यांप्रमाणे घोकतो आणि परीक्षा आटोपताच विसरून जातो. मग घरी पालक विचारतात, ‘या कोष्टकांचा गाण्याशी काय संबंध? आमचे वडील सारी हयात भजन करीत आले. त्यांना थाट ठाऊक नव्हते, म्हणून त्यांचे काही अडले काय?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आमच्या मते दोष मुलांच्या स्मरणशक्तीत नसून, सप्तक त्यांच्यापुढे सात मण्यांच्या एका सरळ माळेसारखे मांडले जाते, त्यात आहे. वास्तविक सप्तकाची घडण तशी नाही. ते चार-चार स्वरांच्या दोन तुकड्यांचे बनलेले आहे; आणि हे तुकडे कानाने एकदा ओळखले म्हणजे घोकण्यासारखे फारच थोडे उरते.

प्रथम प्रत्यक्ष करून पाहावे. हार्मोनियमची पांढरी एक ही पट्टी षड्ज धरून ‘सा रे ग म’ वाजवावे. सा आणि रे यांच्यामध्ये एक काळी पट्टी सुटते. रे आणि ग यांच्यामध्ये एक सुटते. ग आणि म मात्र अगदी लगत आहेत. आता ‘प ध नी सां’ वाजवावे. प आणि ध यांच्यामध्ये एक पट्टी सुटली, ध आणि नी यांच्यामध्ये एक सुटली, नी आणि वरचा सा लगत आले. म्हणजे पावले तीच. केवळ जागा बदलली. एखाद्या मुलाने डोळे मिटून ‘प ध नी सां’ ऐकावे आणि मनात प हाच सा कल्पावा; त्यास पुन्हा ‘सा रे ग म’च ऐकू येईल. यांतील पहिल्या तुकड्यास पूर्वांग म्हणतात व दुसऱ्यास उत्तरांग. त्या दोहोंच्या मध्ये, म आणि प यांच्या दरम्यान, एका पूर्ण स्वराची मोकळी जागा आहे. दोन खोल्यांमधील ओसरीसारखी ती समजावी.

नाताळात जगभर गायिल्या जाणाऱ्या ‘जॉय टु द वर्ल्ड’ या गीताची चाल आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. शब्द आयझॅक वॉट्स यांचे, 1719 सालचे. चाल एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील लोवेल मेसन यांनी प्रसिद्ध केली. तिची पहिली ओळ म्हणजे वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंतचा सरळ अवरोह होय, दुसरे काही नाही. तीतही ओळ मध्ये जेथे विसावते ती जागा पंचमाची आहे. म्हणजे पूर्वार्धात ‘सां नी ध प’ हे उत्तरांग उतरले आणि उत्तरार्धात ‘म ग रे सा’ हे पूर्वांग. भजनी मंडळातला मुलगा आणि प्रार्थनामंदिरात गाणारा मुलगा आपण दोन निराळ्या विद्या शिकत आहोत असे समजतात; पण जिन्याच्या पायऱ्या दोघांच्याही पायाखाली त्याच असतात. रे. नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी ख्रिस्ती भजने देशी चालींवर रचिली, तेव्हा मराठी मंडळींच्या तोंडी ती सहज बसली, यामागे त्यांच्या काव्यगुणाबरोबर हेही एक कारण असावे असे आम्हांस वाटते.

आता, चारच स्वर का? तीन नाहीत, पाच नाहीत, ते का? याचे उत्तर तारेपाशी मिळते. एका फळीवर दोन खिळ्यांच्या मध्ये 36 इंच लांबीची तार ताणून बसवावी. मोकळी तार छेडली म्हणजे जो नाद निघेल तो सा. तार बरोबर मध्यावर, म्हणजे 18 इंचांवर, दाबून छेडली की वरचा सा मिळतो. छेडावयाचा भाग 24 इंचांचा ठेवला तर पंचम, आणि 27 इंचांचा ठेवला तर मध्यम. सतराव्या शतकात अहोबल पंडिताने ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात वीणेच्या तारेवरील स्वरांच्या जागा अशाच रीतीने लांबीवरून सांगितल्या आहेत: दोन षड्जांच्या ठीक मध्ये मध्यम, असे तो म्हणतो, आणि 36 व 18 यांचा मध्य 27 हाच येतो. त्रैराशिक येणाऱ्या मुलांनी पुढील गंमत पाहावी. 36 ला 27 ने भागले तर 4/3 येतात. 24 ला 18 ने भागले तरीही 4/3 च येतात. म्हणजे सा ते म आणि प ते वरचा सा ही दोन्ही अंतरे तंतोतंत सारखी आहेत. ती कोणी ठरवून सारखी केलेली नाहीत. मध्ये जी ओसरी उरते तिचे प्रमाण 27 भागिले 24, म्हणजे 9/8. अष्टकाच्या चौकटीत सा, म, प व वरचा सा हे चार खांब असे निसर्गतःच उभे राहतात. खांबांच्या मधली जागा भरावयाची ती गाणाऱ्याने. सा आणि म यांच्यामध्ये गळा सुखाने आणखी दोन स्वर घेतो. तीन घेतले तर दाटी होते, एक घेतला तर उडी पडते. म्हणून दोन टोकांचे दोन व मधले दोन मिळून चार.

ही गोष्ट आमच्या मराठवाड्यात फार पूर्वी लिहून ठेविली गेली आहे, हे येथील मुलांना क्वचितच सांगितले जाते. देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद, ही यादवांची राजधानी. तेथे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला होता. स्वतः शार्ङ्गदेव दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ उत्तर व दक्षिण अशा दोन्ही पद्धतींचे पंडित आजही प्रमाण मानतात. आमच्या नरसीचे नामदेव त्यानंतर थोड्याच वर्षांनी याच यादवांच्या मुलखात वाढले. पुढे त्यांची जी पदे गुरु ग्रंथसाहेबांत गेली, ती तेथे भैरव, बिलावल, तोडी अशा रागनामांखाली लाविलेली आहेत. हा सारा योग ज्या भूमीत घडला, तेथील मुलांनी शार्ङ्गदेवाचे नाव परीक्षेपुरते ऐकावे, हे काही बरे नव्हे.

जुन्या पद्धतीप्रमाणे शार्ङ्गदेव अष्टकात बावीस श्रुती मोजतो. षड्जग्रामातील त्याची मोजणी अशी: सा पासून रे तीन श्रुतींवर, रे पासून ग दोन, ग पासून म चार. म पासून प चार. पुढे प पासून ध तीन, ध पासून नी दोन, नी पासून वरचा सा चार. पूर्वांगात तीन, दोन, चार. उत्तरांगातही तीन, दोन, चार. नऊ आणि नऊ अठरा, मधली ओसरी चार, एकूण बावीस. जे दोन स्वर नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावर असतील ते परस्परांचे संवादी, असा नियम आहे. नऊ म्हणजे सा–म चे अंतर, तेरा म्हणजे सा–प चे. हे सप्तक आजच्या नावांनी सांगावयाचे तर काफी थाटाच्या जवळ येते, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. पुस्तकात श्रुतींचे आकडे पाहून विद्यार्थी घाबरतात. पण ‘तीन-दोन-चार’ दोनदा म्हटले की काम झाले.

चार स्वरांच्या समूहास आमच्या प्राचीनांनी स्वतंत्र नावही दिले होते. एका स्वराचे ते आर्चिक, दोहोंचे गाथिक, तिहींचे सामिक आणि चोहोंचे स्वरान्तर; पाचांचे औडव, सहांचे षाडव व सातांचे संपूर्ण ही नावे तर आजही रूढ आहेत. रागास निदान पाच स्वर हवेत, हा पुढे सर्वमान्य नियम झाला आणि स्वरान्तर हा शब्द पुस्तकातच राहिला. तथापि जात्यावर बसलेल्या बाईची ओवी ऐकावी. ती बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते व तिला कशाचीही उणीव भासत नाही. शार्ङ्गदेवाने या चार स्वरांचे किती प्रकारे फेरे होतात तेही मोजून दाखविले आहे. सा रे ग म हे चार स्वर, प्रत्येक एकदाच घेऊन, चोवीस रीतींनी मांडता येतात. साती स्वर घेतले तर पाच हजार चाळीस. अमुक क्रमांकाचा फेरा कोणता, किंवा अमुक फेऱ्याचा क्रमांक कोणता, हे काढण्यासाठी त्याने खंडमेरू नावाची मांडणी दिली आहे. हिशेबखात्यात आयुष्य घालविलेल्या माणसास ही आकडेमोड मनापासून आवडली असली पाहिजे! पण ती नुसती आकडेमोड राहिली नाही. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने या मेरुखंडाच्या अंगाने गाणे वाढविले आणि उस्ताद अमीर खाँ (1912–1974) यांच्या संथ आलापीत तेच चार-चार स्वरांचे फेरे ऐकू येतात. चोवीस फेरे कागदावर लिहून रोज सकाळी गाणाऱ्या मुलाचा गळा वर्षभरात किती वळतो, हे ज्याने अनुभविले त्यासच ठाऊक.

आता थोडे परदेशी जाऊ. ग्रीक लोक अशा चार स्वरांच्या तुकड्यास टेट्राकॉर्ड म्हणत. टेट्रा म्हणजे चार व कॉर्ड म्हणजे तार. त्यांच्या संगीतशास्त्राचा हाच पाया होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील आरिस्टॉक्सेनस हा त्यांचा मोठा शास्त्रकार. त्याच्या मते टोकाचे दोन स्वर अचल आणि मधले दोन चल. मधले स्वर कोठे बसतात त्यावरून तुकड्याच्या तीन जाती तो मानतो. पहिल्या जातीत खालून वर जाताना अर्धा स्वर, मग पूर्ण, मग पूर्ण. आपल्या भाषेत सांगावयाचे तर सा, कोमल रे, कोमल ग, म. म्हणजे भैरवीचे पूर्वांग! असे दोन तुकडे मध्ये ओसरी ठेवून रचले की ग्रीकांचे डोरियन नावाचे मुख्य सप्तक होते, आणि त्याचा ठसा आपल्या भैरवी थाटाचा आहे. दुसऱ्या जातीत अर्धा, अर्धा, आणि मग दीड स्वराची उडी. ही आपल्या उत्तर हिंदुस्थानी पद्धतीत नाही. पण दक्षिणेत आहे, ते पुढे येईल. तिसऱ्या जातीत पाव-पाव स्वराची दोन पावले व मग दोन पूर्ण स्वरांची उडी. ही पुढे ग्रीकांच्या गळ्यातूनही गेली.

ग्रीक लोक तुकडे जोडण्याच्या दोन रीती सांगतात, त्या मात्र आपणांस फार उपयोगी आहेत. एक रीत मध्ये ओसरी सोडून जोडण्याची, जी आपण वर पाहिली. दुसरी रीत भिंतीस भिंत लावून जोडण्याची: पहिल्या तुकड्याचा शेवटचा स्वर तोच दुसऱ्याचा पहिला. ‘सा रे ग म’ म्हणून म वर थांबावे, आणि म लाच सा समजून पुन्हा तीच पावले टाकावी. म, प, ध, आणि पुढे? शुद्ध निषाद येत नाही. कोमल निषाद येतो. हा झाला खमाज! खमाजात निषाद कोमल का, असे मुले विचारतात आणि त्यांस ‘नियम आहे’ एवढेच उत्तर मिळते. खरे उत्तर, मध्यमावर उभे राहून केलेली ही पुनरुक्ती आहे. इंग्लंडात व पुढे अमेरिकेत जुन्या काळी प्रार्थनागीते शिकविताना सात नावांऐवजी चारच नावे वापरीत: फा, सोल, ला आणि मी. सा रे ग यांस फा सोल ला म्हणत आणि म प ध यांसही पुन्हा फा सोल ला च म्हणत. मी हे नाव केवळ निषादास. 1844 साली निघालेल्या ‘सेक्रेड हार्प’ या गीतसंग्रहात ही चार नावे चार आकृतींनी छापिली आहेत व त्यावरून गाणाऱ्या मंडळ्या अमेरिकेत अद्याप आहेत. खेड्यापाड्यातील निरक्षरप्राय लोकही त्या आकृतींवरून चार आवाजांत गात, ही साधी गोष्ट नव्हे.

अरबांच्या संगीतातही हीच चौकट आढळते. त्यांच्या ऊद नावाच्या वाद्याच्या तारा मुख्यतः एकमेकींपासून सा–म च्या अंतरावर लाविलेल्या असतात. त्यामुळे एका तारेवर हाताची चार बोटे पुरतात व पुढची तार लागते. दहाव्या शतकातील अल्-फाराबी याने आपल्या मोठ्या ग्रंथात हे सर्व मापून सांगितले आहे. त्यांच्या तुकड्यांपैकी हिजाझ नावाचा तुकडा म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध ग, म. आपल्या भैरवाचे पूर्वांग. हिजाझकार या नावाच्या त्यांच्या सप्तकात तोच तुकडा उत्तरांगातही येतो, म्हणजे तो पुरता भैरव थाटच. याउलट रास्त नावाच्या तुकड्यातील गांधार आपल्या कोमल व शुद्ध यांच्या मधोमध कोठेतरी पडतो. तो हार्मोनियमवर वाजविताच येणार नाही. इराणी लोक अशा तुकड्यास दांग म्हणतात.

हे ऐकून ‘कोणी कोणाचे घेतले?’ असा वाद काही मंडळी लगेच उभा करतात. ग्रीकांनी आमच्यापासून घेतले असे अभिमानाने म्हणणारे आहेत, तसेच आम्ही ग्रीकांपासून घेतले असे म्हणणारेही होऊन गेले. आम्हांस या दोन्ही पक्षांत घाई दिसते. तार सर्व देशांत सारखीच वाजते. 27 इंचांवर मध्यम देवगिरीत लागतो तसाच अथेन्सात व बगदादातही लागतो. केवळ चौकट एक आहे, म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही. चौकटीच्या आत जे दोन स्वर बसविले, ते कसे आंदोलित केले, कोठून ओढून आणले, कोठे थांबले, हे मात्र ज्याचे त्याचे आहे. भैरवाचा कोमल ऋषभ आणि हिजाझचा दुसरा स्वर कागदावर एकच दिसतात. कानास ते एक वाटत नाहीत.

आता आपल्या थाटांकडे वळू, म्हणजे आरंभी काढलेल्या प्रश्नाचा उलगडा होईल. सतराव्या शतकात तंजावरच्या नायक राजांच्या आश्रयाने वेंकटमखी याने ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ हा ग्रंथ लिहिला. (यातील ‘चतुर्’ चा आपल्या चार स्वरांशी संबंध नाही, गीत, प्रबंध, ठाय व आलाप हे ते चार दण्ड. नावावरून फसू नये.) त्याने असा विचार केला की सा आणि म यांच्यामध्ये चार जागा आहेत: कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग. चारांतून कोणत्याही दोन निवडावयाच्या. बीजगणित शिकलेला मुलगा तत्काळ सांगेल की अशा निवडी सहा होतात. उत्तरांगातही तशाच सहा. सहा गुणिले सहा छत्तीस. मध्यम शुद्ध वा तीव्र, म्हणून त्याची दुप्पट बहात्तर. हेच कर्नाटक पद्धतीचे बहात्तर मेळ. त्यांतील पहिल्याच मेळात सा च्या पुढे कोमल रे व शुद्ध रे लागोपाठ येतात आणि मग एकदम मध्यम. हीच वर सांगितलेली ग्रीकांची दुसरी जात.

1904 साली मुंबईचे पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) दक्षिणेच्या प्रवासास गेले. व्यवसायाने ते वकील. पण जेथे जात तेथे जुने ग्रंथ व जाणकार माणसे शोधीत. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांची भेट झाली व वेंकटमखीची पद्धत त्यांनी समजून घेतली. परत आल्यावर त्यांनी तीच गणना उत्तरेच्या गाण्यास लावून पाहिली. आपल्याकडे एकाच स्वराची दोन रूपे लागोपाठ घेऊन थाट करीत नाहीत. म्हणून दोन्ही ऋषभांची व दोन्ही गांधारांची अशा दोन निवडी गळतात आणि सहांच्या जागी चार उरतात. चार गुणिले चार सोळा, मध्यमाची दुप्पट बत्तीस. या बत्तिसांतून प्रचारातील राग ज्यांत बसतील असे दहा थाट त्यांनी निवडले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या त्यांच्या मराठी ग्रंथात संवादरूपाने हा सर्व विचार आला आहे, आणि तो ग्रंथ आपल्या भाषेत आहे हे आमचे भाग्य.

मग विद्यार्थ्याने घोकावयाचे ते काय? चार तुकडे. सा, शुद्ध रे, शुद्ध ग, म हा बिलावलाचा. सा, शुद्ध रे, कोमल ग, म हा काफीचा. सा, कोमल रे, कोमल ग, म हा भैरवीचा. सा, कोमल रे, शुद्ध ग, म हा भैरवाचा. हेच चार पंचमापासून म्हटले की चार उत्तरांगे होतात. बिलावलाच्या तुकड्यावर बिलावलाचाच तुकडा ठेवला की बिलावल थाट. काफीवर काफी ठेवला की काफी. तसेच भैरवी व भैरव. हे चार थाट जुळ्या अंगांचे. पूर्वांग बिलावलाचे व उत्तरांग काफीचे घेतले तर खमाज. पूर्वांग काफीचे व उत्तरांग भैरवीचे घेतले तर आसावरी. सहा थाट येथेच संपले. नांदेडकडून येणारी वाट आमच्या वारंगा फाट्यापर्यंत एकच असते. तेथून एक कळमनुरीवरून हिंगोलीस जाते आणि दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे वळते. बिलावल आणि खमाज यांचे तसेच आहे. धैवतापर्यंत दोघे सोबती. फाटा पुढे फुटतो.

उरलेले चार थाट तीव्र मध्यमाचे: कल्याण, मारवा, पूर्वी व तोडी. यांची उत्तरांगे ओळखीचीच आहेत. कल्याण व मारवा यांचे उत्तरांग बिलावलाचे. पूर्वी व तोडी यांचे भैरवाचे. पूर्वांगात मात्र एक खांबच हलला, कारण सा ते तीव्र म हे अंतर 4/3 राहत नाही. सा आणि तीव्र मध्यम यांच्या या अंतरास पाश्चात्य शास्त्रकारांत ‘संगीतातील सैतान’ म्हणण्याची प्रथा होती; अठराव्या शतकातील ग्रंथांत तसा उल्लेख येतो. आपण मात्र दिवेलागणीस याच मध्यमाने यमन गातो व आपल्या घरात सैतान आला असे कोणास वाटत नाही! हे म्हणणे थट्टेचे असले तरी त्यात तथ्य आहे: पाश्चात्यांस अनेक आवाज एकत्र जुळवावयाचे असतात, तेथे हे अंतर खटकते, आपल्याकडे मागे अखंड तंबोरा असतो, त्यामुळे त्याच अंतराची ओढ गोड लागते.

भातखंड्यांच्या निवडीवर पुष्कळ टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. शुद्ध मध्यमाच्या सोळा जोड्यांपैकी त्यांनी सहाच घेतल्या. उरलेल्या दहांतही सुंदर राग आहेत. भैरवाचे पूर्वांग आणि काफीचे उत्तरांग जोडले की अहीर भैरव होतो. बिलावलाच्या पूर्वांगास भैरवाचे उत्तरांग लाविले की नट भैरव. काफीचे पूर्वांग व भैरवाचे उत्तरांग, तो कीरवाणी. बिलावलाचे पूर्वांग व भैरवीचे उत्तरांग, तो चारुकेशी. हे शेवटचे दोन दक्षिणेकडून आले. अहीर भैरवास आपण भैरव थाटात घालतो आणि मग त्यातील शुद्ध धैवत व कोमल निषाद यांचे समर्थन करीत बसतो. अंगांच्या दृष्टीने पाहिले तर समर्थनाची गरजच पडत नाही. तरीही आमचा कल भातखंड्यांच्या बाजूस आहे. शिकणाऱ्याच्या हाती बत्तीस किल्ल्यांचा जुडगा देण्यापेक्षा रोजच्या वापराच्या दहा देणे त्यांनी पसंत केले; बाकीच्या कशा घडवाव्यात तेही सांगून ठेविले.

येथे पालकांच्या शंकेस उत्तर द्यावयाचे तर ते असे. तुमच्या वडिलांस थाट ठाऊक नव्हते हे खरे. पण अंगे ठाऊक होती. पखवाजाच्या साथीत अभंगाची चाल वर जाई तेव्हा खाली घेतलेलीच जागा ते पंचमावरून पुन्हा घेत आणि सारे मंडळ त्यांच्यामागे नेमके तेथेच जाई. शास्त्राने त्यांस नवे काही दिले नसते. त्यांच्यापाशी असलेले नातवास देण्याची सोय मात्र केली असती. तोंडी परंपरा ज्या घरात अखंड आहे तेथे पुस्तकाची उणीव भासत नाही. पण मुलगा शिकण्यासाठी घर सोडून वसतिगृहात आला की आजोबांची चाल त्याच्या कानावर पडेनाशी होते. पुस्तकाचे काम तेथे सुरू होते.

अंगांचा विचार थाटापाशी थांबत नाही. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. तथापि भूपाचा वादी गांधार, पूर्वांगातला. तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकाराचा वादी धैवत, उत्तरांगातला. तो सकाळी गातात. पूर्वांगप्रधान राग दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत आणि उत्तरांगप्रधान राग मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत, असा भातखंड्यांनी सामान्य नियम सांगितला आहे. (या कामी काही वेळा म व प हे दोन्ही अंगांत धरावे लागतात.) वादी एका अंगात असला तर संवादी बहुधा दुसऱ्यात असतो. भैरवात कोमल धैवत वादी व कोमल ऋषभ संवादी. एक उत्तरांगाचा दुसरा स्वर, दुसरा पूर्वांगाचा दुसरा स्वर. यमनात गांधार व निषाद. दोघेही आपापल्या अंगाचे तिसरे. गवई भैरवाचा ऋषभ हेलकावून लागलीच धैवत हेलकावतो, तेव्हा वरच्या खोलीतून खालच्या खोलीस ओ दिल्यासारखे वाटते.

एक इशारा द्यावयास हवा. वरील सर्व प्रयोग हार्मोनियमवर करता येतात, परंतु त्या पेटीचे अर्धे-अर्धे स्वर यंत्राने सारखे वाटून दिलेले आहेत. तिचा गांधार तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावरून श्रुतींची मापे घेऊन 1910 साली ती इंग्रजीत प्रसिद्ध केली, ती याच असमाधानातून. पावले मोजण्यास पेटी घ्यावी, पाऊल ठेवण्यास तंबोरा.

सुटीत करण्यासाठी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगतो. 36 इंचांची तार बसवून 27, 24 व 18 या खुणा करा आणि प्रत्येक खुणेवरचा नाद गळ्याने धरा. सा रे ग म यांचे चोवीस फेरे लिहा व तेच फेरे पंचमापासून गा. तिसरे काम जरा कठीण आहे. तीव्र मध्यमाची पूर्वांगे चार होतात, पण दहा थाटांत तीनच आली आहेत. राहिलेले कोणते ते शोधून काढा, त्यास बिलावलाचे उत्तरांग जोडा, आणि मधुवंती राग कोणाकडून ऐकावयास मिळाला तर तुमच्या उत्तराशी ताडून पाहा.